गुरुवारचं टेबल

एकतीस वर्षं मी तळघरात होते,
काउंटीच्या सरकारी वकिलांच्या कचेरीखाली,
जिथे फायलींना ओल लागते
आणि माणसांना नंबर.
टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला,
'सरकार विरुद्ध' तेवढं तसंच राहिलं.
'विरुद्ध'च्या पुढे कोण, ते मी वाचत नसे.
स्पेलिंग तपासत असे.

मग डालिया रेन्को निवडून आल्या.
पहिल्याच आठवड्यात जिना उतरून खाली.
(आधीच्या साहेबांना जिना कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं.)
म्हणाल्या, "व्हर्ना, हे सगळं वर न्यायचंय."
वर म्हणजे कचेरीत, असं मला वाटलं.
वर म्हणजे निघालं
फर्नेस स्ट्रीटवरचं नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान.

दर गुरुवारी, चार ते आठ.
एक घडीचं टेबल, लॅपटॉप, नोटरीचा शिक्का
आणि पाटी: आज इथे कुणालाही अटक होणार नाही.
तीन गुरुवार कुणी फिरकलं नाही.
पाटी वाचायचे
आणि ड्रायरकडे तोंड करून बसायचे.
आमच्या शब्दावर विश्वास ठेवावा
असं आम्ही तरी कधी वागलो होतो?

चौथ्या गुरुवारी ओझेल टिब्स आला.
पिकलेली दाढी, पाठीवर मोटेलच्या चादरींचं गाठोडं.
जन्मतारीख सांगितली. मी नाव टाकलं.
बावीस वर्षांपूर्वीचा खटला. वय सतरा.
खिशात गांजा, चमचाभर.
खाली टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं: व्ही. एल.
त्या हिवाळ्यात मी नवा चष्मा घेतला होता,
त्याची काडी कानाला टोचायची, तेही आठवतं.
हा पोरगा आठवत नाही.

"हे पुसलं की ट्रकचं लायसन्स मिळेल?"
अर्ज करता येईल, मी म्हणाले.
"आणि ती बावीस वर्षं?"
त्याचा फॉर्म नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं.
गिळलं.

तेवढ्यात साबणाच्या मशीनपाशी उभी असलेली
आयोना मॅकस्विन बोलली, कुणाकडेही न बघता:
"माझ्या भावाची फाइल पण पुसून टाका की.
तिच्यात तसंही काही लिहिलेलं नाही.
नऊ वर्षं म्हणताय, तपास चालू आहे.
चालू आहे, तर एव्हाना पोचायला हवा होता कुठेतरी.
ओझेलचं पुसा, माझी ना नाही, तो आमच्याच गल्लीतला.
पण माझ्या भावाला मारलं त्याला
तुम्ही न पकडताच माफ केलंत."

एक मशीन पिळायला लागलं होतं,
फरशीसकट थरथरत.
रेन्कोबाईंकडे उत्तर होतं, मला माहीत आहे,
रंगीत तक्त्यांसकट; मीच छापून दिलं होतं.
त्यांनी लॅपटॉप मिटला.
"फाइल नंबर?"
आयोनाला पाठ होता. शाळेतल्या पाढ्यासारखा
एका दमात म्हणाली.
कागद सापडेना, मी डाव्या हाताच्या मागे लिहिला.
लिहितानाच ओळखला. अकरावा कप्पा.
ती फाइल उचलायला दुसरा हात कधी लागलाच नाही.

ओझेल चादरींना लागला होता.
डबल बेडची चादर एकट्याला आवरत नाही.
न विचारता त्याने दोन टोकं माझ्या हातात दिली.
"ओढा. अजून."
ताणली, जवळ आलो, मिटली, पुन्हा मागे सरलो.
चौदा चादरी झाल्या.
आयोना हाताची घडी घालून बघत होती.
ती घडी तिने मोडली नाही.

आठ वाजता पाटी काढली, टेबल गाडीत टाकलं.
घरी गेल्यावर भांडी घासली,
डावा हात पाण्याबाहेर ठेवून.